ड्रम कोअरमध्ये नवी वाद्ये येऊ द्यावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या ड्रम कोअरमध्ये, म्हणजे मैदानावर कवायतीने चालत ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि ड्रम वाजवणाऱ्या पथकांमध्ये, ट्रॉम्बोन आले, सिंथेसायझर आले; आता सॅक्सोफोन-क्लॅरिनेटलाही घ्यावं, की मूळ रूप जपावं? माझं मत स्पष्ट आहे. माइकशिवाय मैदान ओलांडू शकणारं कुठलंही वाद्य खुशाल येऊ द्यावं. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाला मात्र आजच्यापेक्षा कडक मर्यादा हवी.

मूळ रूप म्हणजे नेमकं कुठल्या सालचं, हे आधी विचारायला हवं. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी ही पथकं उभी केली, तेव्हा बिगुलाला व्हॉल्व्ह, म्हणजे सूर बदलायच्या कळा, नव्हत्याच. ड्रम कोअर इंटरनॅशनल (डीसीआय) 1971 मध्ये स्थापन झाली आणि 1972 मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला पहिली मोठी स्पर्धा झाली. त्या काळात झायलोफोन (पट्ट्यांचं वाद्य) आणि टिंपनी (मोठे नगारे) हेसुद्धा अंगावर बांधून चालावं लागे. जमिनीवर ठेवलेल्या तालवाद्यांना, म्हणजे आजच्या 'पिट'ला, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला परवानगी मिळाली. 1990 मध्ये तीन व्हॉल्व्हचे बिगूल आले, 2000 मध्ये बिगूल जी स्वरातलेच हवेत हे बंधन सुटलं, 2004 मध्ये अॅम्प्लिफिकेशन (माइक-स्पीकरने आवाज वाढवणं), 2009 मध्ये इलेक्ट्रॉनिक्स आणि 2014 मध्ये ट्रॉम्बोन, सूझाफोन (अंगाभोवती घालायचा ट्यूबा) धरून सगळं ब्रास. ज्याला आज कुणी 'खरं ड्रम कोअर' म्हणतं, तेही कधीतरी नियम बदलूनच आलेलं आहे. त्यामुळे परंपरा हा एकच मुद्दा पुढे करून वाद जिंकता येत नाही. वाद्य मैदानावर टिकतं का, हे पाहावं.

आता ट्रॉम्बोनचंच बघा. आवाजाला काही अडचण नाही, ब्रासमध्ये तो सहज मिसळतो. अडचण आहे ती स्लाइडची, म्हणजे सूर बदलायला पुढेमागे सरकवायच्या नळीची. कोअरची सर्वसाधारण पावलं पाच यार्डात आठ, म्हणजे एक पाऊल साधारण 57 सेंटिमीटर. दोन पावलांच्या अंतरावर रांग लावली तर दोन वादकांत सव्वा मीटरच्या आत जागा उरते, आणि सातव्या पोझिशनला, म्हणजे सगळ्यात लांब सरकवल्यावर, स्लाइड एकटीच आणखी अर्ध्या मीटरहून जास्त पुढे जाते. पुढच्याच्या पाठीत ती बसणारच, आणि स्लाइड किंचित जरी वाकली तरी त्या दिवसापुरतं वाद्य गेलं. म्हणून ट्रॉम्बोन मागेपुढे लावताना चार पावलांचं अंतर ठेवावं किंवा त्यांना एका आडव्या ओळीत उभं करावं. ड्रिल (मैदानावर कुणी कुठे चालायचं याचा आराखडा) लिहिणाऱ्याने हे पहिल्या दिवसापासून धरलं नाही, तर जुलैत, ऐन हंगामात, सगळा आराखडा बदलावा लागतो.

सॅक्सोफोन मैदानाच्या या कसोटीत पास होतो. नळी शंकूच्या आकाराची, आवाज दणदणीत, चालताना पकड सोपी. अल्टो आणि टेनर हे त्याचे प्रकार मैदानावर नीट पोचतात, हायस्कूल-कॉलेजच्या मार्चिंग बँडमध्ये ते रोज सिद्ध होतं. पाऊस आणि दव मात्र त्याचे वैरी. किल्ल्यांखालचे पॅड (छिद्रं झाकणाऱ्या गाद्या) फुगले की किल्ली पूर्ण बंद होत नाही आणि खालचे सूर फुटतात. म्हणून पॅड कोरडे करायचे कागद, जादा पॅड आणि सिंथेटिक रीड (तोंडाशी कंप पावणारी पट्टी) सोबत हवेतच. पॅड बदलता येणारा एक माणूसही दौऱ्यावर न्यावा लागतो.

क्लॅरिनेट आणि बासरीबद्दल माझं मत वेगळं आहे. क्लॅरिनेटचा बराचसा आवाज टोकाच्या घंटेसारख्या तोंडातून न येता बोटांच्या छिद्रांतून चहूकडे पसरतो. ट्रंपेटसारखा तो प्रेक्षकांकडे रोखता येत नाही. खालच्या सप्तकातली बासरी तर साठ-सत्तर ब्रासपुढे ऐकूच येत नाही. मग वायरलेस माइक लावावा लागतो, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो.

अमेरिकी फुटबॉलचं मैदान जवळपास 49 मीटर रुंद असतं. मागच्या बाजूला, समोरच्या स्पीकरपासून 40 मीटरवर उभ्या वादकाचा आवाज पुढच्या रेषेपर्यंत यायला सुमारे 0.12 सेकंद लागतात. मिनिटाला 160 मात्रांच्या लयीत पाव मात्रा 0.094 सेकंदाची असते. म्हणजे पाव मात्रेहूनही जास्त उशीर. मिरवणुकीत लांबच्या रांगेतल्या ढोलांना ताशाचा कट मागाहून ऐकू येतो, तसंच हे. कोअरमध्ये यावर जुना उपाय आहे: मागचे ड्रम लय धरतात आणि पुढचा पिट कान मागे लावून, त्यांचा आवाज पोचेल तेव्हा वाजवतो. त्या मागच्या वादकाला माइक लावला की त्याचा आवाज स्पीकरमधून तत्काळ निघतो आणि तो बाकी सगळ्यांच्या पुढे धावतो. मिक्सरवर 120 मिलिसेकंदांचा डिले (मुद्दाम केलेला उशीर) टाकता येतो, पण वादक चालत पुढे आला की तोच डिले चुकीचा ठरतो. म्हणून माइकवाल्या सोलोसाठी वादकाला पिटजवळ उभं करणं हाच भरवशाचा मार्ग. पूर्ण सेक्शनसाठी तो चालत नाही.

याचा अर्थ अॅम्प्लिफिकेशनने नुकसानच केलं असा नाही. 2004 आधी मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) मैदानापलीकडे पोचवायला कडक मॅलेटने, म्हणजे वाजवायच्या काठीने, ठोकावा लागे. त्यात पट्ट्या तुटत आणि गोडवाही जाई. पट्ट्यांजवळ माइक आले तेव्हा मऊ मॅलेटने हळू वाजवणं शक्य झालं. हा फायदा मी कधीच सोडणार नाही. 2014 मध्ये ब्लूकोट्स या कोअरने सिंथच्या जोडीने ब्रासचा सूर घसरवत नेला, तेही इलेक्ट्रॉनिक्सविना जमलं नसतं. आक्षेप आहे तो सबवूफरवर, म्हणजे खर्ज घुमवणाऱ्या स्पीकरवर. ट्यूबाच्या ओळीखाली सिंथचा बास भरला की ऐकणाऱ्याला ट्यूबावाल्यांची मेहनत वेगळी कळत नाही, आणि सुराची चूकही लपते. उन्हात ब्रासचा सूर चढतो, सिंथ 440 हर्ट्झवर तसाच राहतो. दुपारच्या तालमीत तो 442-443 पर्यंत चढवला नाही तर दोघांत घासाघीस ऐकू येते. इलेक्ट्रॉनिक्सचा आणखी एक धोका आहे. सिंथचा पॅच (आधी ठरवून ठेवलेला आवाज) बदलायचं पेडल चुकून दोनदा दाबलं गेलं तर पुढचा प्रत्येक आवाज चुकीचा येतो. म्हणून शोमध्ये दोन-तीन ठिकाणी थेट ठरावीक पॅचवर परत येण्याची सोय ठेवावी.

सॅक्सोफोन घेतले तर दोन गोष्टी नियमात आधी लिहाव्या लागतील. पहिली जागेची. कोअरच्या सदस्यसंख्येला कमाल मर्यादा आहे, त्यामुळे बारा सॅक्स आले की ब्रास, ड्रम किंवा कलर गार्डमधून (झेंडे फिरवत नाचणाऱ्या गटातून) बारा मुलं कमी होतात. दुसरी गुणांची. डीसीआयच्या शंभर गुणांत संगीताचे तीस, आणि त्यात ब्रास, तालवाद्यं आणि म्युझिक अॅनालिसिस (एकूण संगीताचं परीक्षण) असे तीन विभाग. ब्रासच्या परीक्षकाकडेच सॅक्स सोपवले तर तो ओठांचं आणि हवेचं तंत्र तपासेल, पण बोटांच्या किल्ल्या आणि रीडचा सूर याचे गुण कुणी द्यायचे? त्या विभागाचं नाव बदलून 'फुंकवाद्यं' करावं आणि परीक्षकांना एक हंगाम आधी प्रशिक्षण द्यावं. तोवर सॅक्सोफोन फक्त ठरावीक संख्येत, सहा किंवा आठ, आणि माइकशिवाय वाजवायची परवानगी द्यावी.