कंसात लिहिलेले वाक्य

प्रश्न : मी ३७ वर्षांचा असून सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात क्वालिटी विभागात १४ वर्षे काम केले. आमच्याकडे दुचाकीच्या इंजिनाला पेट्रोल-हवेचे मिश्रण पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरचे सुटे भाग तयार होत. गेल्या जूनमध्ये ती लाइन कायमची बंद झाली आणि आम्हा सगळ्यांचे हिशेब करून टाकले. २०११ साली कामाला लागलो तेव्हाच मी इन्स्पेक्टरपासून क्वालिटी मॅनेजरपर्यंतचा आराखडा वहीत लिहून ठेवला होता. आता कुठेही अर्ज केला तरी ‘फक्त कार्ब्युरेटरचाच अनुभव का?’ असे विचारतात. (फेब्रुवारीत कारखान्याने सक्तीची रजा दिली तेव्हा मेहुण्याच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसवर आठवडाभर नोंदी करायला बसलो होतो, पण त्याला काही अनुभव म्हणता येत नाही.) घराचा हप्ता चालू आहे, मुलगी पाचवीत आहे. माझे नियोजन चुकले, की नशीबच वाईट?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा कंसातल्या वाक्यावर थांबलो. त्याकडे वळण्याआधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

दुचाकींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला तो एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या वाहनांच्या धुरावरील निकषांमुळे. ते पाळण्यासाठी उत्पादकांना मोजून इंधन फवारणाऱ्या फ्युएल इंजेक्शनकडे वळावे लागले आणि तुमच्यासारख्या कारखान्यांना जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची मागणी तेवढी उरली. पाचवा टप्पा वगळून थेट सहाव्यावर जाण्याचा सरकारचा निर्णय जाहीर झाला जानेवारी २०१६ मध्ये. म्हणजे तुम्ही वहीत आराखडा लिहिलात तेव्हा जो निर्णय झालाच नव्हता, तो हिशेबात धरला नाही म्हणून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही. २०१६ नंतर सावध व्हायला हवे होते, असे कोणी म्हणेल. पण महिन्याचा पगार वेळेवर येत असताना पायाखालची जमीन तपासत बसणारी माणसे मी तरी फारशी पाहिलेली नाहीत.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्राचे प्राध्यापक जॉन क्रुम्बोल्ट्झ यांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यांसह ‘नियोजित योगायोग’ असा एक विचार मांडला. शब्द विसंगत वाटतात, पण त्यांचे म्हणणे सरळ आहे : अनपेक्षित घटना प्रत्येकाच्या वाट्याला येतातच, त्यांच्याकडे लक्ष जाणे आणि त्यांतून काम उभे करणे हे शिकता येते. क्रुम्बोल्ट्झ स्वतः मानसशास्त्राकडे वळले ते महाविद्यालयात त्यांना टेनिस शिकवणारे प्रशिक्षक तोच विषय शिकवत होते म्हणून. आपल्याकडचे उदाहरण किरण मजुमदार-शॉ यांचे. ऑस्ट्रेलियात मद्यनिर्मितीचे शिक्षण घेऊन परतल्यावर स्त्री असल्यामुळे त्यांना इथल्या मद्य कारखान्यांत मद्यनिर्मितीच्या प्रमुखाची नोकरी मिळेना. मग किण्वनाचे, म्हणजे आंबवण्याच्या प्रक्रियेचे, तेच ज्ञान त्यांनी १९७८ मध्ये बंगळुरात पपईपासून पपेनसारखी एन्झाइम्स काढण्याकडे वळवले आणि ‘बायोकॉन’ सुरू झाली. त्यांचे शिक्षण तेच राहिले, माल बदलला.

तुमचाही माल बदलू शकतो. निर्यातीच्या द्राक्षाचा मणी किती मिलिमीटरचा आहे हे कडीत घालून पाहतात. तुम्ही १४ वर्षे ‘गो’ आणि ‘नो-गो’ गेज, म्हणजे भाग मापात बसतो की नाही हे सांगणारी साधने, हाताळलीत, ते याहून वेगळे नव्हते. युरोपला जाणाऱ्या पेटीचा माग अपेडा या शेतमालाच्या निर्यातीसाठीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन नोंद प्रणालीतून थेट शेतकऱ्याच्या प्लॉटपर्यंत लागावा लागतो आणि कीडनाशकांच्या अंशांच्या तपासणीचा अहवाल त्याला जोडलेला असतो. लॉट नंबर, रिजेक्शनची नोंद, ऑडिटरसमोर फाइल उघडून ठेवणे ही सगळी तुमच्या रोजच्या सवयीची कामे. मेहुण्याने तुम्हाला पॅकिंगला न लावता नोंदींवर का बसवले, हे त्यांना एकदा विचारा. मला वाटते, त्यांना तुमच्यातले जे दिसले ते तुम्ही कंसात टाकलेत.

तरीही उद्यापासून द्राक्षांच्या धंद्यात उडी घ्या, असे मी म्हणणार नाही. हंगाम मुख्यतः जानेवारी ते एप्रिलचा असतो, अवकाळी पावसाचे एक सत्र सगळे गणित बिघडवते, आणि नातेवाइकाकडे पगारावर राहण्यातला अवघडलेपणा वेगळाच. आधी घरी बसून पैसे मोजा. ग्रॅच्युइटीसाठी धरल्या जाणाऱ्या शेवटच्या मासिक वेतनाला २६ ने भागून १५ ने आणि सेवेच्या वर्षांनी गुणले की रक्कम निघते. हिशेबात ती तशीच आली आहे का, हे ताडून पाहा. शिल्लक रकमेवर हप्ता आणि शाळेची फी किती महिने निघेल, तो आकडा पत्नीसमोर मांडा. योगायोगाची वाट पाहण्याची चैन त्या आकड्याइतकीच परवडते. तो चार महिन्यांपेक्षा कमी असेल, तर मिळेल ती इन्स्पेक्टरची नोकरी आधी घ्या आणि पॅकहाऊसला सुट्टीच्या दिवशी जा.

अर्जाचेही पाहा. त्यात ‘कार्ब्युरेटर’ हा शब्द पहिल्या ओळीत असेल तर तो खाली न्या. वर तुम्ही केलेली अंतर्गत ऑडिट्स, गेजचे कॅलिब्रेशन आणि ग्राहकांच्या तक्रारींचा निपटारा येऊ द्या. अन्नप्रक्रियेत अन्नसुरक्षेचे हॅसॅप आणि बागायतीत चांगल्या शेतीपद्धतीचे ग्लोबलगॅप ही प्रमाणपत्रे चालतात. वाहन उद्योगातले ऑडिट ज्याने केले आहे त्याला त्यांची भाषा परकी वाटत नाही. नुसता अर्ज धाडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा अशा कामातल्या एखाद्या माणसाला भेटा आणि नोकरी न मागता त्याचे काम कुठे अडते एवढेच विचारा.

द्राक्षबागांची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते आणि पॅकहाऊसवाले हंगामाची माणसे त्यानंतर जमवू लागतात. म्हणून मेहुण्यांच्या ओळखीतल्या दोन-तीन पॅकहाऊसना दसरा-दिवाळीच्या दरम्यान भेट द्या. जाताना खिशात बारीक मापे घेण्याचा व्हर्नियर असला तर बिघडणार नाही. बोलण्याला सुरुवात तिथून होईल.