पिकअपमधल्या ॲम्पची वायर जळली, आणि तिघेही म्हणतात आमचा संबंध नाही

गोव्यातल्या बार्देसमधल्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा. नर्सरीचा धंदा आहे, स्वतःच बघतात, त्यासाठी डबल कॅब पिकअप घेतली, ती अजून वॉरंटीत आहे. म्हापशाच्या एका दुकानात चारही दारांचे स्पीकर बदलले, फोर चॅनल ॲम्प (स्पीकरना ताकद देणारा ॲम्प्लिफायर) आणि सीटखाली सबवूफर (जड आवाजाचा स्पीकर) बसवून घेतला. थोडे पैसे यूपीआयने, बाकी रोख, बिल नाही. काही आठवड्यांनी पर्वरीचा चढ चढताना डॅशबोर्डखालून धूर आला आणि वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीच्या मूळ वायरींचा जुडगा, जळलं. दुकानदार म्हणतो आवाज फार ठेवलात, डीलर म्हणतो वॉरंटी संपली, विमा कंपनी म्हणते बेकायदा मॉडिफिकेशन. आणि हे सगळं निस्तरलं की नरकासुराच्या रात्री (नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री, नरकासुराचे पुतळे मिरवतात तेव्हा) हीच सिस्टीम गाडीवर वाजवली तर चालेल का, हेही त्यांनी विचारलंय.

तुमची घाई कळते, गाडी उभी म्हणजे धंदा उभा, पण आत्ता लगेच दुरुस्तीला टाकू नका. जळलेली वायर हाच तुमचा मुख्य पुरावा आहे आणि तो डीलरकडच्या भंगाराच्या डब्यात गेला की तुमच्याकडे नुसती तोंडी गोष्ट उरते. बॅटरीचं कनेक्शन काढून ठेवा, सगळीकडून फोटो-व्हिडिओ घ्या, आणि लायसन्स असलेला मोटर सर्व्हेअर (गाडीचं नुकसान तपासणारा) किंवा ऑटोमोबाईल इंजिनियर बोलावून लेखी रिपोर्ट करून घ्या. तपासणीची तारीख दुकानदार आणि विमा कंपनी दोघांना आधी लेखी कळवा, आले नाहीत तर तो त्यांचा प्रश्न.

त्या माणसाला तीन गोष्टी नक्की बघायला सांगा. बॅटरीच्या प्लसपासून ॲम्पकडे जी जाड लाल वायर जाते तिला बॅटरीजवळच, म्हणजे साधारण दीड फुटाच्या आत, फ्यूज आहे का. इंजिनकडून केबिनमध्ये वायर ज्या पत्र्याच्या भोकातून येते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारी रिंग) आहे का, का पत्र्याच्या धारेवर घासून इन्सुलेशन सोललंय. आणि वायर अस्सल तांब्याची आहे का, कारण बाजारात वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर सर्रास मिळते, तार खरवडली की आत पांढरट दिसते, आणि तेवढ्याच जाडीची असूनही ती तांब्याच्या वायरीएवढा करंट पेलत नाही. हे खरवडणं इंजिनियरनेच करायचं, व्हिडिओ चालू ठेवून, तुम्ही ब्लेड घेऊन बसू नका नाहीतर उद्या तुम्हीच छेडछाड केली म्हणतील.

आता दुकानदाराचं ‘आवाज फार ठेवलात’. हे अगदीच लंगडं आहे. फ्यूज असतो कशाला, वायर झेपेल त्याच्यावर करंट गेला की आधी फ्यूज उडावा म्हणून. फ्यूज शाबूत आणि वायर जळली, किंवा फ्यूजच नाही, म्हणजे चूक बसवणाऱ्याची, व्हॉल्यूम कितीवर होता याने फरक पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ही सेवेतली त्रुटी आहे, आणि कलम ८५ खाली सदोष सेवेमुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारीही त्याच्यावर येऊ शकते. बिल दिलं नाही म्हणून घाबरू नका, उलट बिल न देणं ही त्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. यूपीआयची एंट्री, व्हॉट्सॲपवरचं भाव ठरवल्याचं बोलणं, बसवताना काढलेले फोटो, सगळं जपा, फोन बदलू नका, आणि प्रिंट देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट सोबत जोडा.

समोरचा वकील हमखास म्हणेल की गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून जो वस्तू वापरतो त्याला कायद्याने ग्राहक धरलंय, त्यामुळे तक्रारीत पहिल्याच पानावर लिहा की नर्सरी तुम्ही स्वतः चालवता आणि घर त्यावरच चालतं.

विमा कंपनीच्या पत्रात ‘बेकायदा’ म्हटलंय ते मला पटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल ज्याने तिचं मूळ स्वरूप बदलतं. दारातले स्पीकर, ॲम्प आणि सीटखालचा सबवूफर त्यात बसत नाहीत (मागची सीट काढून तिथे बॉक्स ठोकला असता तर मात्र आसनसंख्या बदलली असती आणि मीही वेगळं उत्तर दिलं असतं). एक मात्र आहे, नंतर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची किंमत कळवून जादा प्रीमियम भरावा लागतो, तो तुम्ही भरला नाही, तेव्हा ॲम्प-स्पीकरचे पैसे विम्यातून विसरा, पण गाडीच्या मूळ हार्नेसचा क्लेम सोडू नका. आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरकडे लेखी तक्रार, महिन्यात समाधान नाही झालं तर विमा लोकपाल, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.

डीलरशी सध्या भांडू नका. हार्नेसची वॉरंटी बहुधा मिळणार नाही, बाहेरच्या फिटिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीतून वगळलेलंच असतं. पण त्यावरून अख्ख्या गाडीची वॉरंटी संपली म्हणतो तर कुठल्या कलमाखाली ते लेखी मागा, नुसतं काउंटरवरचं बोलणं ऐकू नका. उद्या गिअरबॉक्स बिघडला तर त्याचा स्पीकरशी काय संबंध?

दुकानदाराला स्पीड पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस द्या, रिपोर्टची कॉपी जोडून. नाही ऐकलं तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग. दुकानदाराला तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, मुदत घटनेपासून दोन वर्षं. माझ्या मते तो नोटिशीनंतरच तडजोडीला येईल, आणि हार्नेस अधिक ॲम्पचे पैसे देत असेल तर घ्या, मानसिक त्रासाच्या लाखभरासाठी ताणत बसू नका.

आणि नरकासुराचं. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर बंदी. सणासाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण त्या रात्रीला यंदा ती दिलीय का ते आदेशात बघूनच ठरवा, दरवर्षी चालतं हे पोलिसांना सांगून उपयोग नाही. बारानंतर तर कुठलीच सूट नाही, आणि इस्पितळ, शाळा, कोर्टाच्या शंभर मीटरच्या आत सायलेन्स झोन (शांतता क्षेत्र) जाहीर झालेला असू शकतो. तक्रार झाली तर सिस्टीम जप्त होऊ शकते, आणि ग्राहक आयोगात तुमची केस चालू असताना ‘आवाज फार ठेवतात’ म्हणणाऱ्या त्या दुकानदाराला ती बातमी आयतीच मिळेल. यंदा नरकासुर दुसऱ्याच्या गाडीवर न्या.