‘रिकामी आहेस तर लसूण सोल’

“चित्रं काढायची फार इच्छा आहे हो मॅडम, पण वेळच मिळत नाही.”

ही तक्रार समुपदेशनात माझ्याकडे सतत येते. चित्रांच्या जागी कधी क्रोशा असतो, कधी मातीकाम, कधी पेटी. पुष्कळदा तिच्यामागे दोन अगदी वेगळ्या अडचणी असतात, आणि एकीचा उपाय दुसरीला चालत नाही. कोल्हापूरच्या एका बाईंच्या बाबतीत दोन्ही होत्या, म्हणून त्यांची हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय 46, पतसंस्थेत नोकरी. घरी नवरा, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. झोप लागत नाही आणि उठसूट चिडचिड होते म्हणून त्या आल्या होत्या. थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून झालं होतं, पाळीच्या बदलांबद्दल डॉक्टरांशी बोलणंही झालं होतं. हे मी आधी विचारतेच. अंगात रक्त कमी असेल तर ते रंगांनी भरून निघत नाही.

चित्रांचा विषय असाच बोलता बोलता निघाला. शाळेत त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही सरकारी रेखाकला परीक्षा दिल्या होत्या, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र अशी पेपरांची नावं त्यांनी मला धडाधड म्हणून दाखवली. पुढे घरच्यांनी कॉमर्सला घातलं. दोनेक वर्षांपूर्वी दिवाळीच्या बोनसमधून त्यांनी जलरंगांच्या ट्यूब, ब्रश आणि 300 जीएसएमचा जाड कागद आणला होता. तो अजून कपाटावर होता, वरचं प्लास्टिकही न फाडलेला.

उपाय सुचवण्याआधी मी त्यांना आठवडाभर नोंद ठेवायला सांगितली. वेगळी वही नको. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्या दुधाचा हिशेब लिहायच्या, त्याच चौकटीत मावेल एवढंच लिहायचं: आज स्वतःसाठी किती मिनिटं मिळाली आणि ती कुठे गेली.

सकाळी साडेपाच ते साडेनऊ डोकं वर काढायला सवड नाही. संध्याकाळी कुकर लावला की पंधरा-वीस मिनिटं. रात्री ओटा आवरून, दूध विरजून झालं की जवळजवळ पाऊण तास मोबाइल, आणि त्यात काय, तर कुणीतरी जलरंगात गुलाब रंगवतंय त्याचे व्हिडिओ! रविवारी दुपारी सगळे झोपले की इस्त्री आणि धान्य निवडणं.

केंद्र सरकारच्या 2019च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं बिनपगारी घरकामात जातात असं आढळलं. पुरुषांची 97. आणि ही सरासरी घरकाम करणाऱ्या पुरुषांची आहे; जे त्या दिवशी काडी इकडची तिकडे करत नाहीत ते तिच्यात धरलेलेच नाहीत. तेव्हा ‘पहाटे अर्धा तास लवकर उठा’ हा सल्ला मी देत नाही. ज्या बाईला धड झोप लागत नाही, तिच्याकडून झोपेतलाच अर्धा तास काढून घ्यायचा म्हणजे कमाल आहे.

पुढच्या भेटीला नवरा आला. “मी कधी नाही म्हटलंय का हिला?” हे त्यांचं पहिलं वाक्य. खरंच म्हटलं नव्हतं. घरात कुणीच अडवत नव्हतं, फक्त बाई खाली बसल्या रे बसल्या की कुणाला तरी काहीतरी सापडायचं नाही. सासूबाईंचं ठरलेलं, “अगं, रिकामी आहेस तर लसूण सोल.” सासूबाई दुष्ट नाहीत. शिवण, स्वेटर, पापड ही त्यांच्या लेखी कामं आहेत, कारण शेवटी हातात वस्तू येते. कागदावर ब्रश फिरवणं कामात बसत नाही, म्हणून सून त्यांना रिकामी दिसते. चित्रकलेचं महत्त्व त्यांना पटवत बसण्यात अर्थ नव्हता. आम्ही कामांची वाटणीच बोलायला घेतली.

इस्त्री मुलाने आणि नवऱ्याने आपापली करायची. रविवारी चार ते पाच बाई उठणार नाहीत, चहा नवरा करेल, सासूबाईंना काय हवं-नको तेही बघेल. हे एवढं ठरायला बराच वेळ लागला, आणि गंमत म्हणजे सगळ्यात जास्त हरकत बाईंचीच. “बारावीचं वर्ष आहे हो त्याचं!” एका शर्टाला इस्त्री करायला पाच-सात मिनिटं लागतात, तेवढ्यात कुणाची सीईटी बुडत नाही, असं मी म्हटल्यावर नवराच आधी हसला.

इथे पहिली अडचण बरीचशी सुटली. एका रविवारी घरचे सगळे लग्नाला गडहिंग्लजला गेले आणि बाईंना अख्खी दुपार मिळाली. त्या दुपारी त्यांनी घरातले सगळे पंखे पुसले.

दुसरी अडचण ही. वेळ समोर असताना बसवत नव्हतं. मी विचारलं तेव्हा आधी ‘पंखे फार घाण झाले होते’ हे उत्तर आलं, मग बऱ्याच वेळाने खरं ते. कागद महागाचा आहे, तो वाया गेला तर? आणि हात बिघडला असेल तर? पंधराव्या वर्षी मिळालेली ए ग्रेड हीच त्यांच्यापाशी स्वतःच्या हुशारीची एकमेव पावती होती. कपाटावरचं पाकीट बंद होतं तोवर ती खोटी ठरण्याची भीती नव्हती. अशा माणसाला ‘रोज अर्धा तास काढा’ म्हणून उपयोग नसतो. तो वेळ काढेल आणि पंखे पुसेल.

मी त्यांना विचारलं, रोज दारात रांगोळी काढता? काढतात. चैत्रात चैत्रांगणही काढतात, गौरीची पावलं, शंख, गदा, कासव सगळं, तेही हाताने, छाप न वापरता. तेव्हा हात बिघडल्याची भीती वाटते का? “छे हो, ती तर उद्या पुसायचीच असते.” हे बोलून त्या स्वतःच थांबल्या.

मग त्याच धर्तीवर सुरुवात ठरवली. चांगला कागद तूर्त कपाटावरच राहू द्या. मुलाची अर्धी उरलेली रफ वही आणि साधं बॉलपेन घ्या. पेन अशासाठी की खोडरबर आलं की परीक्षा सुरू होते. काढायचं काय, तर ओट्यावर जे पडलंय ते: किसणी, सांडशी, अर्धा चिरलेला कांदा. कुकर लावला की बसायचं, शिट्ट्या झाल्या की उठायचं, चित्र अर्धं असलं तरी. वेळेपेक्षा अशी खूण जास्त टिकते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी 1999 साली हेच मांडलं होतं: ‘व्यायाम करीन’ असा नुसता संकल्प करण्यापेक्षा ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं ठरवलेलं जास्त पार पडतं. आणि महिनाभर वही कुणाला दाखवायची नाही, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर तर नाहीच. चार अंगठे आले की पाचवं चित्र अंगठ्यांसाठी निघतं.

सामान मांडण्या-आवरण्यातच निम्मी मिनिटं जातात, म्हणून शिलाई मशीनच्या झाकणावर एक ट्रे कायमचा ठेवला. त्यावर दुसरं काही ठेवायचं नाही, कपड्यांच्या घड्याही नाहीत. पुढे रंग घेतले तेव्हा ट्यूबमधले जलरंग पॅलेटच्या खणांत काढून तसेच वाळू दिले. वाळलेला जलरंग ओल्या ब्रशने पुन्हा उठतो, त्यामुळे रोज नव्याने काढायला लागत नाही. तैलरंगांचं त्यांना आकर्षण होतं, पण त्याला टर्पेंटाइनचा वास आणि वाळायला दिवसच्या दिवस. दोन खोल्यांच्या घरात नको म्हटलं.

‘मन लागलं की बसेन’ असं बरेच जण म्हणतात. उदास माणसाच्या बाबतीत ही वाट उलटी चालावी लागते. पीटर ल्युइनसोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात नैराश्यावर जे काम केलं, त्यातून आलेली आणि आजही आम्ही वापरतो ती पद्धत हीच आहे: आधी छोटी कृती, मन मागून येतं. अमेरिकेत गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 2016मध्ये 39 जणांना 45 मिनिटं चित्र, कोलाज, मातीकाम असं काहीही करू दिलं. सुमारे 75 टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाशी संबंधित संप्रेरक कमी झालं, आणि ज्यांना आधीचा फारसा अनुभव नव्हता त्यांचंही झालं. अभ्यास लहान आहे, तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण ‘मला कुठे येतं’ म्हणणाऱ्यांना मी तो आवर्जून सांगते.

बाईंचं पुढे काय झालं? झोप सुधारली, पण त्याचं श्रेय रात्रीचा मोबाइल बंद झाला त्यालाही द्यायला हवं. चिडचिड कमी आहे, गेलेली नाही. गौरी-गणपतीत वही उघडलीच नाही, तेव्हा ‘माझ्याच्याने काही होत नाही’ असं म्हणत आल्या. सणाच्या दिवसांत घरात पाहुणे असताना वही बंद राहणारच. खाड्याची भरपाई म्हणून पुढच्या रविवारी तीन तास बसायचं नाही, सोमवारी कुकर लावून एक कांदा काढायचा, एवढंच ठरलं. जाड कागद अखेर त्यांनी फोडला. पहिलं चित्र त्यांच्याच मते फसलं आहे, आणि ते त्यांनी फाडलेलं नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. पूर्वी आवडणाऱ्या कशातच दोन आठवड्यांहून अधिक काळ मन लागत नसेल, भूक आणि झोप बिघडली असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर छंद हा त्यावरचा उपचार नव्हे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, किंवा सरकारच्या टेलिमानस सेवेला 14416वर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.

आणि ‘क्लास लावू का?’ असंही पुष्कळजणी विचारतात. घरात बसूच देत नसतील तर जरूर लावा. फी भरलेली असली की घरचेही तो वेळ मोडत नाहीत, हा क्लासचा मोठा फायदा. पण भीती चित्र बिघडण्याची असेल, तर आधी दोन-तीन महिने रफ वही भरा. या बाईंनी अजून क्लास लावलेला नाही. मुलाची बारावी झाली की लावीन म्हणतात, आणि मी त्यांना कारण विचारलेलं नाही.