सर्वांत हळू चालवणाऱ्याला प्रमाण मानून सहल ठरवावी

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलवेनला येऊन काही महिने झाले आहेत, तीन-चार मराठी कुटुंबांशी चांगली ओळख झाली आहे आणि शनिवार-रविवारी सर्वांनी मिळून सायकलवर बाहेर पडावे, असे तुमच्या मनात आहे. मात्र पत्नीने शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही, मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी चार वर्षांची आहे, मित्रांपैकी दोघे शर्यतीच्या सायकली चालवतात आणि उन्हाळ्यात आई-बाबा राहायला येणार आहेत. अशा वेळी सुरुवात कुठून करावी, आणि किती किलोमीटरचे बेत आखावेत, असे तुम्ही विचारले आहे.

बरीच वर्षे याच परिसरात कुटुंबाबरोबर आणि मित्रमंडळींबरोबर सायकल चालवत असल्याने मी ठामपणे सांगेन की, किलोमीटरचा विचार सर्वांत शेवटी करावा. सहलीचे अंतर, वेग आणि वाट या तिन्ही गोष्टी गटातल्या सर्वांत कच्च्या चालकाला प्रमाण मानून ठरवाव्यात. तुमच्या बाबतीत ती व्यक्ती म्हणजे मुले नसून तुमच्या पत्नी आहेत. मुले इथल्या रस्त्यांना पाहता पाहता सरावतात. शिवाय प्राथमिक शाळेच्या सातव्या गटात, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या वयात, बहुतेक डच मुले शाळेतूनच वाहतुकीची परीक्षा देतात, त्यामुळे मुलाला पुढे शाळेकडूनही शिक्षण मिळेल. वयाच्या तिशी-चाळिशीत नव्याने सुरुवात करणाऱ्या माणसाला मात्र असे कोणी शिकवत नाही. घरच्यांनी पुढे निघून जायचे आणि तिने मागून धापा टाकत यायचे, असे एकदा-दोनदा घडले की ती सहलीला यायचेच सोडते. अशी कुटुंबे मी पाहिली आहेत.

म्हणून पहिले काही आठवडे सहल काढूच नये. पत्नींसाठी मधला दांडा नसलेली, सरळ बसून चालवायची सायकल घ्यावी, आणि बसल्या जागेवरून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील इतके सीट खाली घ्यावे. सीट पुरेसे उंच हवे, असे दुकानदार सांगेल आणि तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरही आहे; परंतु भीती जाईपर्यंत पाय टेकणे अधिक महत्त्वाचे असते. सीट पुढे हळूहळू वर घेता येते. मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी आच्छादन असलेली सायकल मिळाली तर ओढणी किंवा लांब कोट यांची चिंता राहत नाही.

ब्रेकविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण भारतातून आलेला माणूस इथेच गोंधळतो. अनेक डच सायकलींना हँडलवर ब्रेकचा दांडा नसतो. पायडल उलट्या दिशेने दाबले की मागचे चाक थांबते. आपल्याकडे सिग्नलला थांबल्यावर आपण नकळत पायडल मागे फिरवून पायाला सोयीच्या जागी आणतो. या सायकलींवर तसे करता येत नाही. सिग्नल हिरवा होतो, पायडल नेमके तळाशी असते, निघायला जोर मिळत नाही, मागचे लोक घंटी वाजवतात आणि नवशिक्या माणसाचा धीर सुटतो. यावर उपाय सोपा आहे. थांबल्यावर एक पाय जमिनीवर ठेवावा, दुसऱ्या पायाच्या पंज्याची वरची बाजू पायडलखाली घालून ते पुढच्या दिशेने वर उचलावे आणि त्याच वेळी सायकल थोडी पुढे सरकू द्यावी. पायडल वर आले की त्याच पायाने दाबून निघता येते. रिकाम्या वाहनतळावर संध्याकाळी हे एवढेच घोटून घ्यावे. त्यांना हाताचे ब्रेकच बरे वाटत असतील तर दोन्ही हातांना ब्रेक असलेल्या सायकलीही सहज मिळतात, आणि पहिली सायकल तशी घेण्यात काहीही कमीपणा नाही.

त्यानंतर आठवड्यातल्या कामकाजाच्या दिवसांत त्यांनी किराणा, ग्रंथालय, मुलांची शाळा अशा जवळच्या फेऱ्या सायकलनेच कराव्यात. तेवढ्यात इथले नियम अंगवळणी पडतात. रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या त्रिकोणांची टोके आपल्याकडे असली तर आपण थांबायचे. कोणतीच खूण नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे. 2001 पासून उजवीकडून येणाऱ्या सायकलस्वारालाही हा अग्रक्रम आहे, त्यामुळे तो आपल्याला मिळतो तसाच द्यावाही लागतो. वळताना हात दाखवायचा, अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा हवाच, आणि 1 जुलै 2019 पासून चालत्या सायकलवर फोन हातात धरण्यास बंदी आहे. ट्रामच्या रुळांवरून जायचे असेल तर ते शक्य तितके काटकोनात ओलांडावेत, नाहीतर चाक फटीत अडकते. याच एका कारणासाठी नवशिक्या माणसाला सुरुवातीला ॲमस्टरडॅमच्या मध्यवस्तीत नेऊ नये.

पहिल्या सहलीसाठी तुमच्या घराजवळच्या ॲमस्टरडॅमसे बॉसपेक्षा चांगली जागा मला सुचत नाही. सुमारे 1000 हेक्टरांचे हे जंगल नैसर्गिक नाही. 1934 पासून, मंदीच्या काळात, बेकारांच्या हाताला काम मिळावे म्हणून ते खोदून आणि झाडे लावून तयार करण्यात आले. आतल्या बऱ्याच वाटांवर मोटारी येत नाहीत आणि झाडांमुळे वारा अडतो, म्हणून मुलांबरोबर निवांत चालवता येते. आतल्या शेळ्यांच्या फार्मवर मुले पिल्लांना बाटलीने दूध पाजू शकतात, आणि ते आकर्षण इतके मोठे आहे की चार वर्षांची मुले परत निघायला तयार नसतात. वसंतात तिथल्या बागेत जपानी महिला मंडळाने भेट दिलेली 400 चेरीची झाडे फुलतात. तो बहर फार तर दोन आठवडे टिकतो, त्यामुळे तारीख आधी ठरवून ठेवण्यापेक्षा फुलांची बातमी आली की निघावे. जंगलाच्या कडेलाच व्हीआरए हे क्रिकेटचे मैदान आहे, जिथे 1999 च्या विश्वचषकातला दक्षिण आफ्रिका आणि केनिया यांचा सामना झाला होता. उन्हाळ्यात तिथे सामना चालू असला तर आमच्या गटातली मंडळी आपोआप थांबतात, आणि बाबांनाही ती जागा नक्की आवडेल.

या जंगलात दोन-तीन वेळा सर्वांना सोबत फिरवून झाले की गटाने चालण्याची शिस्त बसवावी. कायद्याने दोन सायकली शेजारी-शेजारी चालवता येतात, तिसरी नाही. मुलगा नेहमी उजव्या कडेला आणि मोठे माणूस त्याच्या डाव्या हाताला असावे. सर्वांत पुढे वाट माहीत असलेले माणूस आणि त्याच्या लगेच मागे सर्वांत हळू चालवणारी व्यक्ती ठेवावी, म्हणजे पुढच्याला वेगाचे भान राहते. सर्वांत मागे पंप आणि पंक्चरचे साहित्य घेतलेले भक्कम माणूस असावे. रस्ता ओलांडताना अर्धा गट पुढे गेला तर पुढच्यांनी पलीकडे थांबायचे, मागच्यांनी घाईने धावायचे नाही, हे निघण्यापूर्वीच सर्वांना सांगून ठेवावे. तुमच्या शर्यतवाल्या मित्रांना मी पुढचे आणि मागचे स्थान देईन. त्यांना वेगाची हौस भागवायची असेल तर त्यांनी सकाळी लवकर निघून स्वतःची फेरी पूर्ण करावी आणि नंतर न्याहारीला गटाला येऊन मिळावे. एकाच सहलीत दोन्ही हौशी भागवू पाहिले तर कोणाचेच समाधान होत नाही.

चार वर्षांच्या मुलीसाठी पाठीला, हातांना आणि पायांना आधार देणारे मागचे आसन लागेल. आठ वर्षांखालच्या मुलांना असे आसन असल्याशिवाय सायकलवर मागे बसवू नये, असा इथला नियमच आहे. पुढे खोके असलेली बाकफीट्स सोयीची असते, पण ती महाग आणि जड आहे, शिवाय आगगाडीत नेता येत नाही. केवळ शनिवार-रविवारसाठी ती घेणे मला पटत नाही. साध्या सायकलींना हेल्मेटची सक्ती नाही, आणि डच लोक ते फारसे घालत नाहीत. मुलांना मात्र ते घालावेच, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाट शोधण्यासाठी इथली क्नोपपुंट पद्धत समजून घ्यावी, कारण तिच्यामुळे कुटुंबाची सहल खरोखर सोपी होते. ही पद्धत 1995 मध्ये बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात सुरू झाली. तिची कल्पना खाणीत अभियंता असलेल्या हुगो बोलेन यांची होती, आणि पुढे ती नेदरलँड्सभर पसरली. सायकलवाटा जिथे एकमेकींना मिळतात त्या प्रत्येक ठिकाणाला एक क्रमांक दिलेला असतो. तिथे परिसराचा नकाशा असलेला फलक असतो, आणि तिथून पुढे हिरव्या-पांढऱ्या छोट्या पाट्या पुढच्या क्रमांकाकडे नेतात. घरून निघताना नकाशावर बघून क्रमांकांची ओळ कागदाच्या पट्टीवर लिहून हँडलला चिकटवली की फोन बाहेर काढावा लागत नाही. हे काम तुमच्या मुलाकडे द्यावे. पुढची पाटी आधी कोणाला दिसते, याची मुलांमध्ये चढाओढ लागते आणि दमल्याची तक्रार बराच वेळ ऐकू येत नाही. शिवाय कोणी थकले तर फलकावर पाहून जागच्या जागी जवळची वाट धरता येते, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा आहे.

यापुढचा टप्पा म्हणजे ॲमस्टेल नदीच्या काठाने औडरकेर्क. गाव छोटे आणि देखणे आहे. तिथे 1614 पासूनची पोर्तुगीज ज्यूंची दफनभूमी आहे, आणि नदीकाठी बसायला भरपूर जागा आहे. तिथून पुढे रोंडे हूप या पोल्डरभोवती (म्हणजे बांध घालून कोरड्या केलेल्या सखल जमिनीभोवती) सुमारे 17 किलोमीटरची फेरी होते. मात्र तो रस्ता अरुंद असून त्यावर मोटारीही येतात, आणि रविवारी सकाळी शर्यतीच्या सायकलींचे जथे वेगाने जातात, त्यामुळे मुले असताना शनिवार दुपार निवडावी आणि मागून घंटी ऐकू आली की सर्वांनी एका रांगेत यावे.

वाऱ्याला इथे फार मान द्यावा लागतो. देश सपाट असल्यामुळे चढ नाहीत, पण उघड्या पोल्डरमध्ये समोरचा वारा घाटाइतकाच दमवतो. तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध आणि परतताना वाऱ्याबरोबर, हा नियम कधीही मोडू नये, कारण दुपारनंतर दमलेल्या मुलांना वाऱ्याविरुद्ध घरी आणणे अत्यंत कठीण जाते. हवामानाच्या अंदाजात पाच किंवा त्याहून अधिक बोफर्टचा (बोफर्ट हे वाऱ्याच्या जोराचे माप) वारा दिसला तर बेत बदलून जंगलात जावे. पावसासाठी बाउयनराडार हे हवामानाचे संकेतस्थळ पाहावे; पुढच्या दोन-तीन तासांचा अंदाज त्यावर बराच नेमका मिळतो, आणि अर्धा तास आडोशाला थांबून सर निघून जाऊ देणे शक्य होते.

गट सरावला की उत्तरेकडे वाटरलांड या भागात जावे. ॲमस्टरडॅम सेंट्रल स्थानकामागून एय् हा जलमार्ग ओलांडणारी बोट फुकट आहे आणि सायकली तिच्यावर चढवता येतात. पलीकडे डुर्गरडॅम, रान्सडोर्प, ब्रूक अशी लाकडी घरांची गावे लागतात, आणि पुढे मार्केन येते, जे 1957 मध्ये बांध बांधून मुख्य भूमीला जोडले जाईपर्यंत बेट होते. त्या बांधावर वारा अडवायला काहीही नाही, हे लक्षात ठेवावे. आगगाडीने दूर जायचे असेल तर शनिवार-रविवारी सायकल दिवसभर नेता येते, त्यासाठी वेगळे तिकीट लागते आणि घडीची सायकल घडी घालून फुकट नेता येते. परंतु डब्यात सायकलींना जागा मोजकीच असते, त्यामुळे चार कुटुंबांनी एका गाडीवर विसंबू नये.

आई-बाबांसाठी डे होगे वेल्युवे या राष्ट्रीय उद्यानाचा बेत आखावा. तिथे प्रवेश घेतल्यावर पांढऱ्या सायकली फुकट वापरता येतात. मुलांच्या आसनांच्या आणि लहान आकाराच्याही मिळतात, त्यामुळे घरून काही न्यावे लागत नाही. उद्यानाच्या मध्यभागी क्र्योलर-म्युलर संग्रहालय आहे, ज्यात व्हॅन गॉगच्या चित्रांचा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा संग्रह आहे. आई-बाबांना मोटारीने थेट संग्रहालयापर्यंत नेता येते. तुम्ही रानातून आणि वाळूच्या मैदानांतून चालवत जाऊन त्यांना तिथे भेटू शकता, म्हणजे कोणालाही घरी बसावे लागत नाही.

डब्यासाठी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी सर्वांत सोयीची, कारण रस्त्यात बाकावर बसून चमच्याशिवाय खाता येते. स्वच्छतागृहांची मात्र वानवा आहे. लहान मुले आणि वडीलधारी मंडळी बरोबर असताना वाटेतले एखादे कॅफे आधीच हेरून ठेवावे, तिथे कॉफी आणि सफरचंदाचा केक घ्यावा आणि सोय करून घ्यावी. बऱ्याच ठिकाणी रोख पैसे चालत नाहीत, म्हणून कार्ड जवळ असू द्यावे. इथल्या साध्या सायकलींच्या नळ्यांना भारतातल्यासारखाच वॉल्व्ह असतो, त्यामुळे गावी हवा भरण्याचा सराव असलेल्यांना काही नवे शिकावे लागत नाही. घरातल्या सर्वांचा समावेश असलेला वैयक्तिक दायित्वाचा विमा अजून घेतला नसेल तर पहिल्या सहलीआधी घ्यावा. मुलाची सायकल उभ्या मोटारीला घासली तर खर्च मोठा येतो आणि हा विमा स्वस्त असतो.

मुलीची उंची आणि वजन, आणि तुमच्या सायकलीच्या कॅरिअरचा प्रकार कळवलात, तर कोणते आसन नीट बसेल हे सांगता येईल.