बाळाला बघून माया दाटून आली नाही, माझ्यातच काही कमी आहे का?

हे मला बऱ्याच जणी विचारतात, पण घरातलं कुणी सोबत नसेल तेव्हाच. मागे एक पहिलटकरीण आली होती (ओळख पटेल असं काही लिहीत नाही), सिझर झालेलं, बाळ आधी काचेच्या पेटीत, त्यामुळे हातात उशिरा मिळालं. घरी सगळे म्हणतायत आई झालं की माया आपोआप येते, आणि ही सांगते, "मॅडम, तो रडला की पान्हा फुटतो, ब्लाउज भिजतो, पण मनात काहीच येत नाही हो."

आता पान्हा फुटणं हे ऑक्सिटोसिन या हार्मोनचं काम, ते शरीर करतं. माया त्यातून लगेच यायलाच हवी असं काही नाही. जे. रोझेनब्लॅट या संशोधकांनी 1967 मध्ये उंदरांवर दाखवलं की कधीच न व्यालेल्या माद्या, एवढंच काय नरसुद्धा, रोज पिल्लांसोबत ठेवले की काही दिवसांत पिल्लांना चाटायला, उचलून घरट्यात आणायला लागतात. व्यालेली मादी हे लगेच करते कारण हार्मोन्सनी तिची तयारी करून ठेवलेली असते, पण सहवासानेही ते येतंच. मग माया जन्मजात की सहवासाने येणारी, हे असं चिरून वेगळं काढायचं कसं?

आणि हिला सहवास होता कुठे? अंघोळ-मालिश बाईकडे, शेक-धुरी आजीकडे, हिच्याकडे बाळ फक्त पाजायला आणि रात्रीचं जागरण मात्र पूर्ण हिचं! मला याचा खरंच राग येतो.

बोलता बोलता मांडीवरचं बाळ मूठ तोंडात घालायला लागलं तशी ती म्हणाली, "आता रडेल बघा", आणि हात सरकवून त्याला जवळ घेतलं. मी विचारलं, हे तुला कुणी शिकवलं? ती गप्पच झाली.

मग ठरलं की दुपारी बाळ तासभर उघड्या छातीशी घ्यायचं, अंघोळीला हिचाही हात, आणि रात्री नवऱ्याने बाळाला ढेकर काढून झोपवायचं. हळूहळू फरक पडला, एकदम नाही.

त्याआधी बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी असते ती एडिनबर्गची 10 प्रश्नांची चाचणी घेतली होती, त्यात डिप्रेशन दिसलं नाही. पण दोन आठवडे सतत रडू येत असेल, बाळ झोपलं तरी झोप लागत नसेल तर डॉक्टरांना दाखवाच, आणि स्वतःला किंवा बाळाला इजा करायचे विचार आले तर एक दिवसही थांबू नका, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.