दिवाळीच्या वाटपाची वही तुझ्या हातात देताना

काल रात्री तुझा मेसेज वाचला, मंडळाने यंदा गरजू घरांना दिवाळीचं सामान वाटायचं काम तुझ्यावर टाकलंय आणि तू विचारलंस की काकू सुरुवात कुठून करू. फोनवर सांगून भागणार नाही म्हणून लिहायला बसले, लांबेल जरा, सावकाश वाच.

आधी एका ताटाचं सांगते. 1982 च्या जानेवारीत मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते, अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले, त्यात आमचे बाबा. दिवाळीपर्यंत फळीवरची पितळेची भांडी एकेक करून मोडीत गेली होती आणि त्या वर्षी आईने स्टोव्हवर कढई चढवलीच नाही. नरकचतुर्दशीला सकाळी शेजारच्या वहिनी ताट घेऊन आल्या, त्यांच्या घरी सरकारी पगार होता. ताटावर क्रोशाचा रुमाल, खाली सहा चकल्या, चार रव्याचे लाडू, दोन करंज्या, बाकी चिवडा. मी मोजलं होतं म्हणून इतकं आठवतंय. वहिनी काही बोलल्या नाहीत, "चकली जरा कडक झालीय गं" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी आईने ते ताट घासलं, पदराने पुसलं, त्यात चमचाभर साखर ठेवली आणि मला परत द्यायला पाठवलं. आपल्यात कुणाचं ताट रिकामं परत देत नाहीत ना. घरात साखर किती उरली होती ते मला ठाऊक होतं, तरी मी गेले. आणि वहिनींनी काय केलं, ती साखर माझ्यासमोर त्यांच्या डब्यात ओतली, डबा हलवला आणि ताट जागेवर लावलं. "कशाला गं" वगैरे काही नाही. चमचाभर साखर त्यांनी घेतली म्हणून माझी आई दुसऱ्या दिवशी नळावर त्यांच्याशी नेहमीसारखी बोलू शकली.

तुझ्या वाटपात मला ते ताट दिसलं पाहिजे, बाकी सगळं जमतं हळूहळू.

आम्हाला लगेच जमलं असं नाही हां. सुरुवातीच्या एका वर्षी आम्ही गल्लीत स्टेज घातला, माईकवर नावं पुकारली, पाहुण्यांच्या हस्ते पिशव्या दिल्या आणि फोटोचा फ्लेक्स नाक्यावर लावला. त्यात एका वॉचमनची मुलगी होती, सातवीतली, पिशवी धरून उभी. तिच्या शाळेची वाट त्याच नाक्यावरून जायची. पुढच्या वर्षी मी त्यांच्या दारात गेले तर तिच्या बाबांनी हात जोडले, "ताई, आमचं भागतंय, दुसऱ्याला द्या." भागत नव्हतं, मला माहीत होतं. फ्लेक्सला हो मीच म्हटलं होतं आणि ती गोष्ट मला अजून टोचते. म्हणून फोटो काढायचाच नाही, देणगीदार मागेल तरी नाही. त्याला बिलं दाखव, पिशव्यांच्या ढिगाचा फोटो दे, माणसांचा नाही.

आता यादी. ग्रुपवर "गरजूंनी नावं द्यावीत" असं टाकू नकोस, ज्याला खरी गरज असते तो तिथे नाव टाकत नाही. किराणावाल्याला विचार, कोण लिटरवरून पाव लिटर तेलावर आलंय ते त्याला सगळ्यात आधी कळतं. दूधवाला, घरोघरी आरोग्याचं बघणाऱ्या आशा सेविका, बालवाडीच्या बाई, यांच्याशी चहा पिता पिता बोल. कंत्राटावर काम करणाऱ्यांकडे नीट बघ, बोनसच्या कायद्यात कमीत कमी 8.33 टक्के लिहिलेत पण कंत्राटदार बदलला की बोनस कुठे जातो ते कुणालाच सापडत नाही. आणि भाड्याने राहणारे, ज्यांचं रेशनकार्ड गावाला आहे. 2022 च्या दिवाळीत सरकारने आनंदाचा शिधा काढला, 100 रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर, एक लिटर पामतेल, खूप घरांना आधार झाला, पण तो कार्डावर होता आणि आपल्या गल्लीत कार्ड नसलेली बिऱ्हाडं होतीच. यादी वहीत लिही, दोघांनीच बघायची, तू आणि अजून एक बाई. बाई हवीच, काही घरात पुरुषाला दारातूनच परत पाठवतात.

पिशवीत काय द्यायचं यावर मीटिंगमध्ये भांडणं होतील. रवा, बेसन, साखर, पोहे, तेल, थोडं तूप, उटणं, एक मोती साबण, चार पणत्या. साबण आणि पणत्या कापू नका पैसे कमी पडले तरी, पोरांना पहिल्या आंघोळीचा तो वास हवा असतो. सामान वसुबारसेच्या आठ दिवस आधी पोचलं पाहिजे, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी रवा नेऊन दिलास तर ती बाई लाडू कधी वळणार? सगळ्यांना सारखी पिशवी देऊ नकोस. एकट्या म्हाताऱ्या माणसाला कच्चं सामान देऊन काय उपयोग, त्याला तयार फराळ दे, दात नसतील तर चकलीऐवजी मऊ लाडू, डायबिटीस असेल तर चिवडा जास्त. जिथे सिलेंडरच संपलाय तिथे गुपचूप सिलेंडरचं बघ आधी.

आणि हे नीट लक्षात ठेव, ज्या घरात वर्षाच्या आत माणूस गेलंय तिथे त्या वर्षी कढई चढत नाही, शेजारपाजारचे फराळ नेऊन देतात. ती घरं श्रीमंत असोत की गरीब, तुझ्या वहीत असलीच पाहिजेत. तिथेही आपलंच झाकलेलं ताट जाऊ दे. असं केलं की गल्लीत कुणाच्या दारात आपलं ताट गेलं यावरून कुणाची परिस्थिती ओळखता येत नाही. हे मला फार उशिरा सुचलं, तू पहिल्या वर्षापासून कर.

टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक राहतात, कुठून कुठून आलेले, तुझी पोरं म्हणतील तिकडे पण वाटू. चांगलंय, पण उत्साहात तळलेलं घेऊन जाऊ नका, पेशंटला चालत नाही बऱ्याचदा. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत आधी जाऊन विचार, काय हवंय ते तिथली माणसं बरोबर सांगतील, कधी ब्लँकेट सांगतील कधी नुसती बिस्किटं.

पैशाचं थोडक्यात सांगते. वर्गणी काढायच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडे कलम 41 क ची, म्हणजे वर्गणी गोळा करायची, परवानगी घेतलीय का ते मंडळाच्या सेक्रेटरीला विचार, गणपतीला घेतली होती म्हणून आपोआप चालते असं समजू नकोस. दहा रुपये दिले तरी पावती फाड. कर्वे संस्थेचा भाऊबीज निधी आठवतो मला, त्या बाया दारोदार जाऊन छोट्या छोट्या रकमा गोळा करायच्या, माझी आत्या दर वर्षीची पावती देव्हाऱ्याच्या खणात ठेवायची. आणि 2000 च्या वरची देणगी कुणी रोख देत असेल तर चेक मागायचा, नाहीतर आपल्याकडे देणगीच्या करसवलतीचं 80 जी असूनही त्यांना आयकरात सवलत मिळत नाही आणि मग ते आपल्यावर चिडतात.

शेवटचं, पण माझ्या मनातलं सगळ्यात मोठं. तयार फराळ लालबागच्या चिवडा गल्लीतून किलोवर आणणं सोपं आहे, कधी वेळ नसेल तर आणही. पण जमेल तेवढा आपल्या यादीतल्या बायांकडून करून घे, मजुरी देऊन, रोजच्या रोज हातात. चकलीचा सोऱ्या ज्यांच्या हातात बसलाय अशा पाच-सहा जणी आपल्या वहीतच सापडतील. त्यातल्या एक मावशी पहिल्या वर्षी पिशवी घेताना खाली बघायच्या, आता माझी भाजणी चाखून "धने कमी पडलेत" म्हणून परत पाठवतात. आणि कुणी पिशवी घेताना तुझ्या हातावर दोन लिंबं ठेवली, दारच्या तुळशीचं रोप दिलं, तर नको म्हणू नकोस. घे आणि घरी ने.

शनिवारी संध्याकाळी ये, वही देते. गेल्या वर्षीच्या नावांपुढे मी पेन्सिलने खुणा केल्यात, त्या कशाच्या ते समोर बसून सांगेन, लिहिण्यासारख्या नाहीत. येताना तुझ्या आईकडून स्टीलची झाकणाची ताटं असतील तर मागून आण, आमच्याकडची यंदा कमी पडतील.

तुझी काकू