आजीला का नाही सांगायचं?

मिनू,

परवा स्वयंपाकघरात रॉबिन पक्षी शिरला, तू दिवा बंद करून मागचं दार उघडलंस आणि तो गेला. मी तुला एवढंच म्हणाले, "शनिवारी आजीशी बोलताना हे सांगू नकोस." त्यावर तू विचारलंस, "का? ती घाबरेल म्हणून, की ती येडी आहे असं तुला वाटतं म्हणून?" मी भांडी घासत राहिले. दुसरा अर्धा प्रश्न लागला मला. तोंडी सांगायला गेले तर माझा आवाज चढेल आणि तू कानात हेडफोन घालशील, म्हणून लिहिते. अक्षर लागलं नाही तर बाबांकडून वाचून घे.

आधी थोडी आजीची बाजू. तुझ्या रॉबिनचं मी कुंपणावरून शेजारच्या बाईंना सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. रॉबिन घरात आला की घरातलं कुणीतरी जातं, असं त्यांची आई म्हणायची. नाताळात रॉबिनचं चित्र असलेलं कार्ड आलं तर त्या अजूनही घरात ठेवत नाहीत. आणि तुझ्या मैत्रिणीचे बाबा एकटा मॅगपाय पक्षी दिसला की अपशकुन टळावा म्हणून गाडी चालवता चालवता त्याला सलाम करतात, ते तुला गोड वाटतं. इथे इंग्लंडात, शेफील्डमध्ये केलं की गोड आणि आजीने केलं की येडेपणा? असो. ही वकिली झाली.

आमच्या गावच्या घरात कुठल्या पक्ष्याने कुठवर यायचं हे ठरलेलं होतं. चिमण्यांना सगळी मोकळीक. सोप्यातल्या फोटोंमागे त्यांची घरटी असायची आणि पिल्लं उडेपर्यंत पंखा लावायचा नाही, मग वैशाख असला तरी आम्ही घामाने भिजायचं. पारवा मात्र माळ्यावर घुमला की आप्पा, म्हणजे माझे आजोबा, काठी घेऊन उठलेच; पारवा घुमतो ते घर ओस पडतं म्हणायचे. कावळा कौलावर ओरडला तर पाहुणे येणार म्हणून मोठी आजी दोन मुठी तांदूळ जास्त टाकायची. पाहुणे बहुधा यायचे नाहीत, पण सकाळी आम्हाला फोडणीचा भात मिळायचा, त्यामुळे कावळ्यावर आम्हा पोरांची श्रद्धा फार. परड्यात भारद्वाज दिसला तर दिवस चांगला. ज्याला दिसेल त्याने बाकीच्यांना हाक मारायची, एकट्याने बघून घ्यायचं नाही. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड घासत बसतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, हेही आम्हाला पक्कं ठाऊक होतं. खोटंच आहे. पण आमच्या आळीतल्या एकाही पोराने कधी घुबडाला दगड मारला नाही.

आता पिंगळ्याचं. परड्यातल्या चिंचेच्या ढोलीत त्यांची जोडी राहायची. छोटंसं घुबड, पिवळे डोळे, माणूस दिसला की मान खालीवर करणार. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता, माजघरातल्या बल्बभोवती पंखाचे किडे जमले होते. चुलीचा धूर कोंडला म्हणून खिडकी उघडी होती. त्या किड्यांमागे पिंगळा आत आला आणि वलणीवर, आप्पांच्या धोतराशेजारी बसला. मला तो फार आवडला. मोठी आजी किंचाळली. क्षणभराने तो आला तसा गेला.

त्या पहाटे आप्पा गेले.

दुपारपासून ते छाती चोळत होते. थोरले काका म्हणाले पित्त आहे, लिंबू-सोडा दिला. कऱ्हाडचा दवाखाना जीपने अर्ध्या तासावर. पण पुढचे तेरा दिवस जो भेटायला येईल त्याला घरातून एकच सांगितलं गेलं: पिंगळा आला आणि घेऊन गेला. दुपारीच जीप का नाही बोलावली, हे काकांना कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही. मोठी झाल्यावर मला या गोष्टीचा संताप यायचा. आता येत नाही. तो प्रश्न कुणी विचारला असता तर काका पुढे त्या घरात जगले कसे असते? मोठ्या आजीला हे कळत होतं असं मला वाटतं. आपल्या मुलावरचं तिने पाखरावर ढकललं.

इथवरच असतं तर मी तुला म्हणाले असते, असू दे की शकुन-अपशकुन, कुणाचं काय बिघडतं. पण मग कुणीतरी विचारलं, खिडकी कुणी उघडी ठेवली होती?

धाकट्या सुनेने. म्हणजे तुझ्या आजीने.

कुणी ओरडलं नाही तिला. फक्त पुढे घरात कुणाचं लग्न निघालं आणि हळद लावायची वेळ आली की मोठी आजी तिला आतलं काहीतरी काम सांगायची. आबा, माझे वडील, गप्प असायचे. त्याबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही.

आजी पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिवेलागणीला सगळ्या खिडक्या का लावते, हे आता तुला कळेल. तिसरा मजला, वर कबुतरांची जाळी, तरी लावते. मी खूप वाद घातले. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात २०१८ साली घुबडांचा उत्सव सुरू झाला. शाळेतली पोरं घुबडांची चित्रं काढतात, घुबड उंदीर खातं, शेतकऱ्याचा मित्र वगैरे. ती बातमी मी तिला पाठवली. तिचं उत्तर आलं, "छान आहे. त्यांच्या घरात शिरलं होतं का?"

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की ती घाबरेल, पण रॉबिनला नाही. ती पहिलं विचारेल, खिडकी कुणी उघडी ठेवली होती, आणि मला उत्तर द्यावं लागेल. कदाचित इतक्या वर्षांनी तो प्रश्न तिला पुन्हा विचारावा लागू नये, एवढंच मला हवं असेल. कदाचित मीही थोडी घाबरले असेन. तू दार उघडलंस तेव्हा माझ्या तोंडून "राम राम" निघालं, ते तू ऐकलंस का माहीत नाही.

यातलं काही तू मानायला हवंस असं मी म्हणत नाही. सांगायचं तर सांग तिला, तुझी आजी आहे.

डिसेंबरात गावी जाऊ. घर आता काकांच्या मुलाकडे आहे, चिंच अजून आहे म्हणे. पिंगळे दिवसाउजेडीही दिसतात, मामा दाखवेल तुला. आजीला येतेस का म्हणून विचारू नकोस. विचारलंस तरी चालेल. ती नाही म्हणेल आणि तिकडे थंडी असते म्हणून तुला माझा जुना स्वेटर काढून देईल. तो टोचतो. तरी घाल.

आई